गळा होता, गुरू कुठे होता?

इतिहासाच्या आपल्या गप्पांत आज मी एक परका वाटणारा शब्द घेऊन आले आहे. तो शब्द म्हणजे ऑपेरा. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाचा दीर मुंबईला असेल, तर त्याच्या तोंडून ‘ऑपेरा हाउस’ हे नाव ऐकलं असेल. चर्नी रोड स्टेशनजवळचा तो भाग. हिऱ्यांच्या व्यापारासाठी पुष्कळ वर्षं प्रसिद्ध होता. पण तिथे ज्या इमारतीमुळे ते नाव पडलं, ती इमारत गाण्यासाठी बांधलेली होती.

ऑपेरा म्हणजे गाण्यातून केलेलं नाटक. आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण आपलं संगीत नाटक आहेच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि पुढची पन्नास वर्षं महाराष्ट्र नाट्यपदांनी वेडा झाला. फरक एवढाच, की आपल्या संगीत नाटकात पात्रं बोलतात, मध्येच पद म्हणतात. ऑपेरात बहुतेक सगळं गाऊनच सांगतात. भांडण गाऊन, रडणं गाऊन, ‘दार उघड’ म्हणायचं तेही गाऊन. हा प्रकार इटली देशात १६०० सालाच्या आसपास सुरू झाला. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता, त्याच्या तीसेक वर्षं आधी.

ऑपेरा गाणाऱ्याला माइक नसतो. समोर साठ-सत्तर वाद्यं वाजत असतात आणि हजार माणसं बसलेली असतात. तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला गाणारीचा शब्द ऐकू जायला हवा. ओरडून हे होत नाही. ओरडलं तर आठ दिवसांत गळा बसेल. त्यासाठी श्वास पोटापासून घ्यायचा, बरगड्या फाकवून धरायच्या आणि तो हळूहळू, हिशोबाने सोडायचा. सणासुदीला डब्यातलं तूप आपण जपून सोडतो तसा. गळ्याच्या वरची आणि तोंडातली पोकळी अशी जुळवायची, की माणसाच्या कानाला जी कंपनं सगळ्यात लवकर टिपता येतात, सेकंदाला तीन हजारांच्या आसपासची, ती आवाजात भरून येतात. मग एकटीचा आवाज सगळ्या वाद्यांच्या वरून जातो. हे कुणाला जन्मतः येत नाही. वर्षानुवर्षं समोर बसवून कुणीतरी शिकवावं लागतं. आणि बायकांच्या वाट्याला आलेला प्रश्न नेमका हाच होता: शिकवणार कोण?

युरोपात चर्चचा नियम होता, बाईने देवाच्या घरात आवाज चढवायचा नाही. रोममध्ये पोपच्या राज्यात तर सुमारे दोनशे वर्षं बायकांना रंगमंचावरही बंदी होती. मग नायिकेचं गाणं कोण गाणार? त्यासाठी गरिबाघरच्या सुरेल मुलांवर वयात येण्याआधी शस्त्रक्रिया करत, म्हणजे त्यांचा आवाज फुटत नसे. आवाज बारीक राही, छाती मात्र पुरुषाची होई. त्यातले काही जण खूप श्रीमंत झाले, पण बहुतेकांच्या वाट्याला ना संसार आला ना नाव. या परंपरेतला शेवटचा प्रसिद्ध गायक १९२२ साली वारला. बाईला गाऊ द्यायचं नाही म्हणून मुलांच्या अंगावर सुरी चालवली गेली, हाही इतिहासच आहे. आपल्याकडे स्त्रीपार्टी नट होते, बालगंधर्व होते. त्यांनी लुगडं नेसून बायकांची कामं केली. आपल्याकडे सुरी नव्हती, एवढंच बरं. पण बंदी तीच होती: गृहस्थाघरच्या बाईने लोकांसमोर उभं राहून गायचं नाही.

बंदी होती तरी फटही होती. इटलीतल्याच व्हेनिस शहरात अनाथ मुलींसाठी एक आश्रम होता, त्याचं नाव ‘पिएता’. भिंतीतल्या झरोक्यातून लोक तान्ही बाळं तिथे सोडून जात. त्या आश्रमाने मुलींना गाणं आणि वाद्यं शिकवायला चांगले मास्तर नेमले. १७०३ साली तिथे विवाल्दी नावाचा एक तरुण पाद्री व्हायोलिन शिकवायला आला. आज जगातल्या मोठ्या संगीतकारांत त्याचं नाव घेतात. त्या मुलींचं गाणं ऐकायला दूरदूरच्या देशांतून माणसं येत. पण मुली वर सज्जात, लोखंडी जाळीच्या मागे उभ्या असत. ऐकणाऱ्याला आवाज यायचा, चेहरा दिसायचा नाही. लग्न करून बाहेर पडलेल्या मुलीला जाहीर गायला मनाई असे. इटलीतल्याच नेपल्स शहरात अशा अनाथाश्रमांना ‘कॉन्झर्वातोरिओ’ म्हणत, म्हणजे मुलांना सांभाळून ठेवण्याची जागा. आज जगभर संगीताच्या मोठमोठ्या विद्यालयांना ‘कॉन्झर्व्हेटरी’ म्हणतात, तो शब्द तिथून आला आहे. ज्यांना घर नव्हतं, त्या लेकरांसाठीच्या जागांनी जगाला गाण्याची शाळा दिली.

आता आपण मुंबईच्या उपनगरात येऊ. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावं आज लोकलच्या गर्दीमुळे माहीत आहेत. पण हा सगळा भाग म्हणजे जुनं साष्टी बेट. शेतं, खाजणं, ताडाची झाडं आणि कोळी-कुणब्यांची गावठाणं. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांबरोबर पाद्री आले आणि पाद्र्यांबरोबर चर्चचं गाणं आलं. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी आहेत. शंकराची ती प्राचीन लेणी पाद्र्यांनी ताब्यात घेऊन तिथे चर्च केलं आणि वर डोंगरावर मुलांसाठी विद्यालय बांधलं. त्याच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. अंधेरीला आता जिथे सीप्झची कंपन्यांची वसाहत आहे, तिथे कुंपणाच्या आत सेंट जॉनच्या चर्चचे अवशेष आहेत. ते १५७९चं. रोगाची साथ आली म्हणून १८४०च्या सुमाराला लोकांनी ते सोडलं आणि मरोळला नवं चर्च केलं.

या चर्चमध्ये जे गायलं जाई, ते लॅटिन भाषेत आणि कागदावर लिहिलेल्या सुरांवरून. कागदावर सूर लिहायची ही युक्ती इटलीतल्या ग्वीदो नावाच्या एका साधूने अकराव्या शतकात पक्की केली. मुलांना गाणं लवकर यावं म्हणून त्याने सेंट जॉनच्याच एका स्तोत्राच्या ओळींची पहिली अक्षरं घेतली आणि सुरांना नावं दिली: उत, रे, मी, फा, सोल, ला. आपलं सा, रे, ग, म, तसंच हे. गोव्यात तर सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून गावशाळा होत्या आणि तिथे गाणं शिकवणाऱ्या मास्तरला पोर्तुगीजमध्ये ‘मेस्त्रे’ म्हणत. मेस्त्रे मुलांना सूर वाचायला शिकवी, गळा तयार करी, व्हायोलिन हातात देई. या शाळांतून तयार झालेल्या घराण्यांतले वादक पुढे मुंबईला आले आणि आपल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालजींचे ते गुरू. पण वाद्यवृंदांचे जुने फोटो पाहा. रांगेने पुरुष बसलेले दिसतील. मेस्त्रेची विद्या मुलग्यांच्या पोटापाण्याची झाली. मुलींना ती मिळाली तर चर्चच्या गायकवृंदापुरती, लग्न होईपर्यंत.

१७३९पर्यंत चिमाजी अप्पांनी वसई आणि साष्टी जिंकली, पोर्तुगीज गेले. पण गावठाणांतली ख्रिस्ती माणसं तिथेच राहिली. घरात मराठी बोलणारी, लग्नात मराठी गाणी म्हणणारी ही माणसं पुढे इंग्रजांच्या काळात स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवू लागली. मरोळ, कुर्ला, गोराई, मनोरी इथे ती अजून आहेत. रविवारी चर्चमध्ये चार आवाजांत गायचं आणि हळदीला मराठी गाणी म्हणायची, दोन्ही त्यांच्याकडे चालतं. उपनगराच्या मातीत हे सूर साडेचारशे वर्षांचे जुने आहेत. त्यांना परके म्हणताना आपण थोडं थांबायला हवं.

आता मी तुम्हाला दोन बायकांची गोष्ट सांगते. दोघींची मुळं गोव्याची आणि दोघींनी मुंबईत नाव काढलं. दोघींत जवळजवळ साठ वर्षांचं अंतर.

पहिली मोगूबाई कुर्डीकर. जन्म १९०४, गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव. आई जयश्रीबाईंची एकच इच्छा होती, पोरीने गाणारी व्हावं. लहानग्या मोगूला त्यांनी नाटक मंडळीत घातलं. मोगूबाई दहा वर्षांच्या होत्या तेव्हा आई वारली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत त्यांनी कामं केली. या मंडळीत बायकाच नाटकं करत, पुरुषांची पात्रंसुद्धा बायकाच रंगवत. म्हणजे आपल्या संगीत नाटकातली, आपल्या ऑपेरातली ही गायिका. पण तिथे खटके उडाले आणि नाटक सुटलं. आजारपण आलं म्हणून त्या सांगलीला उपचाराला आल्या. वय पंधराच्या आसपास, पाठीशी आई नाही, हातात काम नाही. गळा तेवढा होता.

सांगलीत त्या रियाज करत तेव्हा रस्त्याने जाणारे एक वयस्कर गृहस्थ थांबून ऐकत, असं सांगितलं जातं. एक दिवस ते आत आले आणि म्हणाले, मी शिकवतो. त्यांनी नाव सांगितलं नाही. ते उस्ताद अल्लादियाखाँ होते, जयपूर घराण्याचे जनक, हे मोगूबाईंना नंतर कळलं. खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाई त्यांच्या मागून मुंबईला गेल्या. पण तिथे अडथळे उभे राहिले. खाँसाहेबांचे पैसेवाले शागीर्द आणि आश्रयदाते नाराज झाले. शिकवणी थांबली. मग मोगूबाई दुसऱ्या गुरूंकडे गेल्या, आग्रा घराण्याचं शिकल्या, नंतर अल्लादियाखाँचे भाऊ हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या. तिथेही अडवणूक झाली. शेवटी १९३४ साली अल्लादियाखाँनी रीतसर गंडा बांधला. गंडा बांधणं म्हणजे गुरू शिष्याच्या मनगटाला धागा बांधतो आणि आपली विद्या त्याला द्यायचं वचन देतो. सांगलीत सुरू झालेलं शिक्षण पक्कं व्हायला जवळजवळ पंधरा वर्षं लागली. तोवर त्यांचं लग्न झालं होतं, मुलगी झाली होती. १९३९ साली पती वारले. तीन लहान मुलं आणि एकटी बाई.

ज्या बाईला विद्येसाठी इतकी वणवण करावी लागली, ती पुढे काय करते? कुणी म्हणेल, मिळालेलं मुठीत धरून ठेवेल. मोगूबाईंनी शिकवलं. थोरल्या मुलीला शिकवलं, ती किशोरी आमोणकर झाली. पद्मा तळवलकर, कौसल्या मंजेश्वर अशा शिष्या तयार केल्या. शिकवणी कडक असे. सूर लागेपर्यंत पुढे जायचं नाही. किशोरीताई पुढे सांगत, की आईबरोबर कार्यक्रमाला जाताना लोक कसं वागवत ते मी पाहिलं आहे, कलावंत बाईला मान देत नसत. म्हणून स्वतः मोठ्या झाल्यावर मानाच्या बाबतीत त्यांनी कधी तडजोड केली नाही. लोक त्यांना तिरसट म्हणत. त्या तिरसटपणामागे आईच्या वाट्याला आलेले ते प्रवास होते. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं, २००१ साली त्या गेल्या. त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती आणि देवळाच्या खुणा वर येतात आणि गावची माणसं तिथे जमतात.

दुसरी गोष्ट पॅट्रिशिया रोझारिओंची. जन्म १९६०, मुंबईतल्या एका गोवेकर ख्रिस्ती कुटुंबात. आवाज उंच आणि स्वच्छ. ऑपेरात अशा आवाजाला ‘सोप्रानो’ म्हणतात. त्यांच्या लहानपणी मुंबईत ऑपेरा अगदीच नव्हता असं नाही. १९६०च्या दशकात सीलिया लोबो यांनी मुंबईत ऑपेरांतल्या प्रमुख भूमिका गायल्या होत्या आणि पुढे त्यांनी अनेकांना गळा शिकवला. घरगुती शिकवण्या होत्या, लंडनच्या संस्थांच्या परीक्षा होत्या. पण ऑपेराची गायिका म्हणून पोट भरायचं, तर लागणारं पूर्ण शिक्षण देणारं विद्यालय देशात नव्हतं. मोगूबाईंच्या वेळी गुरू होते, पण दार बंद होतं. इथे दार बंद करायलाही कुणी नव्हतं, कारण घरच नव्हतं. म्हणून पॅट्रिशिया लंडनला गेल्या, तिथल्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकल्या.

तिथे जॉन टॅव्हनर नावाचे संगीतकार त्यांचा आवाज ऐकून इतके भारले, की त्यांनी या एका गळ्यासाठी तीसहून जास्त रचना केल्या. १९९२ साली टॅव्हनरांच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’ या ऑपेरात पॅट्रिशियांनी मुख्य भूमिका केली. २००३ साली लंडनच्या एका जुन्या चर्चमध्ये टॅव्हनरांची एक रचना रात्रभर, सात तास चालली. त्यातही त्या गायल्या. रात्रभर जागून देवाचं गाणं! आपल्या भजनी मंडळातल्या बायांना यात नवल वाटणार नाही. एकादशीचा जागर आपण करतोच. ब्रिटनच्या राणीने २००१ साली त्यांना सन्मान दिला आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्या शिकवू लागल्या.

इथवर ही परदेशी जाऊन मोठ्या झालेल्या मुलीची गोष्ट आहे, आणि अशा गोष्टी पुष्कळ असतात. पण २००९पासून पॅट्रिशिया आणि त्यांचे पती, पियानो वाजवणारे मार्क ट्रूप, यांनी ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ नावाचं काम सुरू केलं. म्हणजे भारताला आवाज देणं. मुंबईत आणि देशातल्या आणखी काही शहरांत येऊन ते तरुण मुलामुलींना ऑपेराची गायकी शिकवू लागले. आपल्याला लंडनला जाऊन जे मिळालं, ते इथल्या पोरांना इथेच मिळावं, हा त्यामागचा विचार.

आणि मग ऑपेरा हाउसची गोष्ट येऊन मिळते. ही इमारत बांधली बँडमन नावाच्या एका नाटकधंद्यातल्या माणसाने आणि जहांगीर कराका या पारशी गृहस्थांनी. १९११ साली पाचव्या जॉर्ज राजाने तिचं उद्घाटन केलं, तेव्हा बांधकाम पूर्ण व्हायचं होतं. ऑपेरा तिथे फार काळ टिकला नाही. सिनेमा आला. पृथ्वीराज कपूर यांची नाटकंही तिथे झाली. १९५२ साली गोंडलच्या राजघराण्याने इमारत विकत घेतली. १९९३ साली दारं बंद झाली आणि वीसहून जास्त वर्षं धूळ साचत राहिली. आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंनी तिची दुरुस्ती केली आणि ऑक्टोबर २०१६मध्ये ती पुन्हा उघडली. उघडताना गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, त्यांच्या संस्थेने तिथे चिमारोझा या इटालियन संगीतकाराचा ‘गुप्त विवाह’ हा ऑपेरा केला. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीने घरच्या कारकुनाशी चोरून लग्न केलेलं असतं, बापाला मोठ्या घराण्याचा जावई हवा असतो, आणि मग घोळ सुरू होतो. १७९२ सालची गोष्ट, पण आपल्या आळीतली वाटावी अशी.

आता तुम्हाला वाटेल, या गायकीचं शिक्षण होतं तरी कसं? पहिले कितीतरी दिवस गाणंच नसतं. उभं कसं राहायचं, मान सैल कशी ठेवायची, श्वास घेताना खांदे वर येऊ द्यायचे नाहीत, हे शिकवतात. मग एकच स्वर आ, ए, इ, ओ, उ अशा पाच अक्षरांवर. इटालियन भाषेचे स्वर मोकळे आणि स्वच्छ असतात. मराठी मुलांच्या तोंडी ते लवकर बसायला हवेत, कारण आपणही अक्षर जसं लिहितो तसंच उच्चारतो. आपल्या गाण्यात प्रत्येकीचा सा वेगळा असतो, ज्याच्या त्याच्या गळ्याला सोसेल तो. तिकडे सूर पियानोने ठरवलेला असतो आणि कागदावर लिहिलेला असतो, त्यामुळे आवाजाची जात ओळखूनच गाणं देतात. आपल्याकडे गुरू गातो आणि शिष्य उचलतो. तिकडे कागद वाचतात, पण तोंड किती उघडायचं आणि श्वास कुठे संपवायचा हे कागद सांगत नाही. त्यासाठी तिथेही माणूसच समोर लागतो.

लहान मुलांच्या बाबतीत दोन्हीकडचे चांगले शिक्षक एक गोष्ट सांगतात: घाई करू नका. बारा-चौदाच्या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो, मुलींचाही थोडा जड होतो. त्या काळात उंच सूर ओढायला लावले, मोठ्याने गायला लावलं, तर गळ्यातल्या नाजूक पट्ट्यांना इजा होते. टीव्हीवरच्या स्पर्धांत सात-आठ वर्षांची पोरं मोठ्या गायिकांची अवघड गाणी ताणून म्हणतात, घरचे टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांची किंमत गळा नंतर मोजतो. किशोरीताईंसारख्या गायिकेचाही आवाज तरुणपणी गेला होता, काही वर्षं त्या गाऊ शकल्या नव्हत्या. गळा हे शरीरच आहे. गुडघ्यासारखं, कमरेसारखं. जपलं तर टिकतं.

उपनगरात आज पार्ल्यापासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत गाण्याचे क्लास सापडतात. त्याचं पुष्कळसं श्रेय विष्णु दिगंबर पलुस्करांना आहे. कुरुंदवाडच्या या माणसाने १९०१ साली लाहोरला आणि १९०८ साली मुंबईला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं घराण्याच्या मुठीतून काढून फी, वर्ग आणि परीक्षा यांच्या हिशोबात आणलं. त्या वाटेने पुढे गृहस्थाघरच्या मुली गाणं शिकायला बाहेर पडल्या. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केले आणि बाईचं गाणं चारचौघांत बसून ऐकण्याची सवय लोकांना लावली. ऑपेराची गायकी मात्र अजून महागच आहे. पियानो हवा, शिकवणारा हवा, इंग्रजी आणि इटालियन उच्चार हवेत. चर्चमध्ये किंवा मोठ्या शाळेच्या गायकवृंदात गाणाऱ्या मुलांना ती सापडते. त्याच रस्त्यावरच्या चाळीत राहणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीला ती अजून सापडत नाही. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. व्हेनिसच्या आश्रमाने अनाथ मुलींसाठी मास्तर नेमले होते, ते तीनशे वर्षांपूर्वी. तेवढं करायला अजून वाव आहे.

आणि आपल्या खेड्यातल्या बायांचा याच्याशी काय संबंध? आहे. आपल्याकडे पहाटे जात्यावर बसलेल्या बायका ओव्या म्हणत. कुणी गुरू नव्हता, कुणी कागद दिला नव्हता. हेमा रायरकर आणि गी पॉईतवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख! दळताना श्वास कुठे घ्यायचा, जात्याच्या फेऱ्याला शब्द कसा बसवायचा, हे आईने लेकीला, सासूने सुनेला न सांगता शिकवलं होतं. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ती शिकवणीही थांबली. दळणाचे कष्ट गेले ते चांगलंच झालं. पण लेकीला गाणं देण्याची जी जागा होती, तिच्या बदल्यात आपण दुसरी जागा केली नाही.

म्हणून या महिन्यात आपल्या गटांनी एक काम करावं, असं मला वाटतं. बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. गटातली जी थोरली बाई ओवी म्हणू शकते, तिला म्हणायला लावा आणि शेजारी शाळेतल्या दोन मुली बसवा. मुलींना ओरडू देऊ नका, हळू म्हणू द्या, सरळ बसून, पोटातून श्वास घेऊन. गावात भजनी मंडळाची पेटी असेल तर ती मुलींच्याही हाताला लागू द्या, नुसती मुलग्यांच्या नको. एखाद्या पोरीचा गळा खरंच चांगला असेल तर तालुक्याच्या गाण्याच्या क्लासची फी किती, हे चौकशी करून ठेवा. गटातून शेळीसाठी कर्ज देतो, शिलाई मशिनसाठी देतो. पोरीच्या गळ्यासाठी का देऊ नये, यावर बैठकीत बोला. काय ठरलं ते आम्हाला कळवा, आणि ओव्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवल्यात तर त्या आपण रेडिओवर लावू. ओवी म्हणणारीचं नाव आणि गाव तेवढं सोबत नक्की सांगा.